महत्त्वाचं तेवढंच घेऊ

मराठी घरात जुन्या सीडी तीन ठिकाणी सापडतात. टीव्हीखालच्या कप्प्यात, माळ्यावरच्या पिशवीत आणि बाल्कनीत, कबुतरं येऊ नयेत म्हणून दोऱ्याला टांगलेल्या. पहिल्या दोन ठिकाणच्या सीडींवर लग्न, मुंज, वास्तुशांत, एकसष्टी असं काही ना काही लिहिलेलं असतं. तिसऱ्या ठिकाणच्या सीडींवर काय होतं ते आता कबुतरांनाच ठाऊक, आणि तीही घाबरायची कधीच सोडून बसली आहेत. व्हीसीडी असो की डीव्हीडी, घरात तिला सीडीच म्हणतात. एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पिशवी खाली येते आणि ‘हे सगळं एकदा कॉम्प्युटरवर घेऊन टाकायला हवं’ असा ठराव एकमताने मंजूर होतो. अंमलबजावणीला बरीच वर्षं लागतात, कारण घरातल्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. २००८ साली मॅकबुक एअरने ती काढून टाकली आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्यांनीही काढली. मग यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह सोसायटीत कुणाकडे तरी आहे असं कळतं. तो इतक्या घरांतून फिरून आलेला असतो की मूळ मालक कोण, हे सोसायटीच्या सचिवालाही सांगता येत नाही. इथवर सगळं ठीक असतं. पण ड्राइव्ह जोडला गेला की घरातली एक कर्तबगार व्यक्ती खुर्ची पुढे ओढते आणि म्हणते, “सगळं कशाला? महत्त्वाचं तेवढंच घेऊ.” माझा वाद या एका वाक्याशी आहे. बुरशी, ओरखडे आणि दमट हवा यांनी मिळून आपल्या घरगुती चित्रणांचं जेवढं नुकसान केलं नसेल तेवढं या वाक्याने केलं आहे. हे वाक्य बोलणाऱ्याला आपण, आगरकरांची क्षमा मागून, सुधारक म्हणू.

सुधारकाचं काम सीडी उघडताक्षणी सुरू होतं. व्हीसीडी असेल तर पडद्यावर चार-पाच फोल्डर दिसतात. त्यांतल्या एकात ‘डॅट’ नावाची एक जाडजूड फाइल असते, बाकीच्यांत किरकोळ काहीतरी. किरकोळ म्हणजे अनावश्यक, हा सुधारकाचा पहिला सिद्धांत. डीव्हीडी असेल तर मामला अधिक रंगतो. तिच्यात दोन फोल्डर असतात, एकावर व्हिडिओ लिहिलेलं आणि दुसऱ्यावर ऑडिओ. दुसरा उघडावा तर आत काहीच नाही. सुधारक गंभीर चेहऱ्याने जाहीर करतो, “आवाज उडालाय.” घरात क्षणभर शोककळा पसरते. वस्तुतः तो फोल्डर डीव्हीडी-ऑडिओ नावाच्या एका वेगळ्या प्रकारासाठी राखून ठेवलेला आहे, जो प्रकार जगात फारसा कुणी घेतला नाही. चित्राबरोबरचा आवाज चित्राच्याच फायलीत सुखरूप असतो. मग सुधारक पहिल्या फोल्डरकडे वळतो. तिथे ‘आयएफओ’ आणि ‘बीयूपी’ अशा सारख्याच आकाराच्या फायलींच्या जोड्या दिसतात. एकाच गोष्टीच्या दोन प्रती कशाला, म्हणून तो दुसरी वगळतो. ती दुसरी प्रत पहिली खराब झाली तर उपयोगी पडावी एवढ्याचसाठी तिथे ठेवलेली असते. शून्य क्रमांकाची छोटी फाइलही जाते. तिच्यात बदामाच्या आकारात वधूवरांचा फोटो आणि मागे सनई असलेला मेन्यू असतो, म्हणजे २००५ सालच्या अभिरुचीचा अस्सल पुरावा. उरतात ‘व्हीओबी’ नावाच्या मोठ्या फायली. त्या जवळपास एक-एक जीबीच्या असतात, कारण डीव्हीडीच्या नियमांप्रमाणे एका फायलीला त्याहून मोठं होता येत नाही. कापायची वेळ ही फाइल आकारावरून ठरवते, मुहूर्तावरून नव्हे. त्यामुळे साधारण वीस ते तीस मिनिटं झाली की लग्न जिथे असेल तिथे तुटतं आणि ‘शुभमंगल’ एका फायलीत, ‘सावधान’ दुसऱ्या फायलीत अशी परिस्थिती उद्भवते. शेवटची फाइल उरल्यासुरल्या चित्रणाची, म्हणून आकाराने लहान. सुधारकाला ती अर्धवट उतरलेली वाटते आणि तिच्यासकट वधूची पाठवणी कचऱ्याच्या डब्यात जाते.

पाठवणीवर तसंही निसर्गाचा रोष असतो. सीडीवरची माहिती एका अखंड वळणाच्या रेषेत असते. ती रेषा मधल्या भोकाजवळ सुरू होऊन काठाकडे जाते आणि सरळ केली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. म्हणजे समारंभाचा आरंभ आतल्या बाजूला आणि शेवट काठाला. हात लागतो काठाला, ओल शिरते काठातून, पाकिटात घालता-काढताना घासतो तोही काठच. त्यामुळे काठोकाठ भरलेल्या सीडीत सीमांतपूजन वीस वर्षांनीही लख्ख दिसतं आणि माप ओलांडायची वेळ आली की वधू उंबऱ्यावर थिजून उभी राहते. यावर घरोघरी चालणारे उपाय तर मूळ रोगाहून भारी आहेत. सीडी पंच्याच्या टोकाने गोल-गोल पुसायची, हा सर्वमान्य उपाय. पुसायचं असेल तर मधून काठाकडे सरळ पुसावं; गोल पुसलं की ओरखडा माहितीच्या रेषेला धरून लांबवर जातो आणि यंत्राला लागोपाठची बरीच माहिती एकदम हरवते. अधूनमधून पडणारे छोटे घाव भरून काढायची सोय सीडीत मुळातच केलेली असते, सलग जखमेपुढे ती हात टेकते. खालची चकचकीत बाजू जिवापाड जपायची आणि वरच्या बाजूला बॉलपेन दाबून लग्नाची तारीख लिहायची, हा दुसरा प्रकार. व्हीसीडीतला धातूचा थर वरच्याच बाजूला, लाखेच्या पातळ मुलाम्याखाली असतो. खालून त्याला मिलिमीटरभर जाडीच्या प्लास्टिकचं कवच आहे, वरून जवळजवळ काहीच नाही. म्हणजे तारीख कायमची लक्षात राहावी म्हणून ती लग्नावरच कोरलेली असते. बुरशीचं म्हणाल तर मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या उष्ण, दमट देशातून आलेल्या एका सीडीत धातूचा थर खाणारी बुरशी स्पॅनिश शास्त्रज्ञांना सापडल्याचं २००१ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा जगाला नवल वाटलं. ते कोकणात राहणाऱ्या कुणाला वाटलं असेल असं मला वाटत नाही.

‘महत्त्वाचं तेवढंच’ या तत्त्वाचे पहिले अनुयायी मात्र आपल्या घरात जन्मलेले नाहीत. ते व्हीसीडीचं मानक ठरवायला बसले होते. १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी ते ठरवलं. कॉम्प्युटरच्या सीडीत २३५२ बाइटच्या प्रत्येक तुकड्यात २०४८ बाइट खरी माहिती असते आणि २७६ बाइट चुका दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवलेले असतात. व्हीसीडीत ही राखीव जागा मोडीत काढून माहितीची जागा २३२४ बाइट केली गेली. चित्रात एखादा ठिपका चुकला तर काय बिघडलं, असा विचार. त्याने सीडीमागे सुमारे नऊ मिनिटं जास्त मिळाली आणि एका सीडीत ७४ मिनिटं बसू लागली. त्या वाढीव नऊ मिनिटांचा हिशोब आपण आता चुकता करतो आहोत. विंडोजमध्ये ‘डॅट’ फाइल ओढून हार्ड डिस्कवर टाकली की ९२ टक्क्यांना ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा भारदस्त निरोप येतो आणि आलेले ९२ टक्केही परत घेतले जातात. एका दाण्यासाठी पोतं परत पाठवणारी ही सचोटी बँकेच्या फायलींत शोभते. बारशाच्या चित्रणात तिचा जाच होतो. यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चांगला आहे. तो पंगतीत वाढणाऱ्या जाणत्या माणसासारखा वागतो: जिथे वाढता येतं तिथे आधी वाढत पुढे जातो, अडलेल्या पानांपाशी खोळंबून अख्खी पंगत उपाशी ठेवत नाही, आणि मग राहिलेल्यांकडे पुन्हा पुन्हा फेरी मारतो. शिवाय कुठे वाढायचं राहिलं याची लेखी नोंद ठेवतो, त्यामुळे काम आज थांबवून उद्या तिथूनच सुरू करता येतं. सुधारकाला हा प्रोग्रॅम आवडत नाही. त्यात चित्र दिसत नाही, काळ्या पडद्यावर नुसते आकडे पळतात, आणि सगळी सीडी जशीच्या तशी येत असल्यामुळे निवड करायला वावच राहत नाही.

आता मुख्य प्रश्न, की महत्त्वाचं म्हणजे काय. लग्नाच्या बाबतीत सुधारकाचं उत्तर तयार असतं: मंगलाष्टकं, हार घालणं, सप्तपदी, झालं. नमस्काराला स्टेजवर आलेल्या पाहुण्यांची तासाभराची रांग अर्थातच बाद. हीच निवड नेमकी उलटी आहे, आणि त्याचा पहिला पुरावा तांत्रिक आहे. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. त्याचे १६ ठिपक्यांचे चौकोन पाडले की ३९६ चौकोन होतात. मागच्या चित्राच्या तुलनेत कुठल्या चौकोनात काय बदललं तेवढंच बहुतेक वेळा नोंदवायचं, अशी जागा वाचवण्याची युक्ती आहे, आणि दर सेकंदाला नोंदीसाठी मिळणारी जागा ठरलेली. पडद्यावर फार हालचाल नसेल तोवर हे छान चालतं. पण ‘सावधान’ म्हणताच तीनशे माणसं एकदम अक्षता फेकतात, प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने उडतो, त्यातच फोटोवाल्याचे फ्लॅश पडतात, आणि बिचाऱ्या ३९६ चौकोनांचा हिशोब कोलमडतो. वधूवर त्या क्षणी रंगीत फरशांच्या ढिगाऱ्यात रूपांतरित होतात. आयुष्यातला परमोच्च क्षण व्हीसीडीने सर्वांत वाईट टिपलेला असतो. उलट पाहुण्यांची रांग पाहा. एक कुटुंब स्टेजवर येतं, पाकीट देतं, कॅमेऱ्याकडे तोंड करून ताठ उभं राहतं, श्वाससुद्धा घेत नाही. मागचा थर्माकोलचा महाल तर हलण्याची शक्यताच नाही. या अढळपणामुळे चेहऱ्यावरचा तीळसुद्धा दिसतो. ज्याला कापायचं ठरवलं, तोच भाग त्या यंत्राने सर्वांत प्रामाणिकपणे जपला आहे.

दुसरा पुरावा वापराचा आहे. विधी पुरोहिताला ठाऊक असतात, पुस्तकात छापलेले असतात आणि पुढच्या लग्नात पुन्हा होतात. सप्तपदीत नवीन बघायचं असं काही नसतं. सात पावलं असतात, सातच होतात. स्टेजकडे चालत येणारे काका मात्र पुन्हा व्हायचे नसतात. फोटोतली माणसं उभी किंवा बसलेली असतात. चालताना डावा खांदा किंचित झुकवणारा माणूस, पदर सावरत पायरी चढणारी मावशी, हात न मिळवता नमस्कार करायचा की नमस्कार न करता हात मिळवायचा या पेचात अडकून दोन्ही अर्धं-अर्धं करणारे शेजारी, हे सगळं फक्त त्या बाद केलेल्या रांगेत असतं. शिवाय कडेकडेचं जग आहेच. शूटिंगवाल्याने वधूच्या तयारीसाठी कॅमेरा खोलीत नेला म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर, क्रोशाचं झाकण घातलेला लँडलाइन फोन, कोपऱ्यातल्या पिंपावरचं भांडं आणि दारातली लूना कायमची टिपली गेली. यांतलं काहीही त्याला टिपायचं नव्हतं. ते टिपलं गेलं ते त्याचं लक्ष नव्हतं म्हणून. लक्ष देऊन टिपलेल्या गोष्टींत वधूच्या बांगड्यांकडून चेहऱ्याकडे हळूहळू जाणारा कॅमेरा येतो, जो महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या लग्नांत त्याच वेगाने गेलेला आहे.

आणि सुधारक या क्षेत्रात दुसरा येतो, पहिला नव्हे. त्याच्याआधी मिक्सिंगवाला येऊन गेलेला असतो. शूटिंगच्या कॅसेटमध्ये लग्नघराचा खरा आवाज होता: आचाऱ्याची आरडाओरड, ‘गुरुजी, मुहूर्ताला किती मिनिटं राहिली’ ही विचारणा, माईकच्या शेजारीच उभ्या राहून दोघींनी तिसरीच्या साडीबद्दल केलेली चर्चा. मिक्सिंगवाल्याने हे सगळं ‘गोंगाट’ या सदरात टाकून पुसलं आणि वर सनई व हिंदी सिनेमातली गाणी चिकटवली. त्याच्या मते ते महत्त्वाचं नव्हतं. आज ती कॅसेट कुठे आहे, असं विचारलं तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी मुंजीसाठी वापरली गेली, असं उत्तर मिळतं. बदल्यात मिक्सिंगवाल्याने गुलाबाच्या पाकळीतून उमलणारी वधू, चंद्रावर बसलेला वर आणि कधीही पासपोर्ट न काढलेल्या दांपत्यामागे स्वित्झर्लंडचे डोंगर दिले. सुधारकाला आता हे हास्यास्पद वाटतं, म्हणून तो तेही कापतो. मिक्सिंगवाल्याने कापलेलं आज आपल्याला हवं आहे आणि मिक्सिंगवाल्याने जोडलेलं सुधारकाला नको आहे. या हिशोबाने पाहता सुधारक आज जे कापतो आहे ते कुणाला तरी वीस वर्षांनी हवं असणार, एवढा तर्क करायला फार बुद्धी लागत नाही.

घरगुती माणसांचंच असं होतं असं नाही. मोठमोठ्या संस्था याच वाक्यावर घसरल्या आहेत. बीबीसीने साठच्या दशकातले ‘डॉक्टर हू’ मालिकेचे कितीतरी भाग पुन्हा दाखवायचे नाहीत म्हणून पुसून टाकले. त्यांतले नव्वदहून अधिक भाग आजही चित्ररूपात मिळत नाहीत, पण त्यांचा आवाज उपलब्ध आहे. तो कुणी जपला? घरातल्या टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसणाऱ्या पोरांनी, ज्यांच्या आया त्यांना नक्कीच ओरडत असणार. २०१३ साली नऊ भाग नायजेरियातल्या एका दूरचित्रवाणी केंद्रात सापडल्याचं जाहीर झालं. तिथे ते कुणी जपले नव्हते, नुसते फेकायचे राहिले होते. नासाने २००९ साली मान्य केलं की अपोलो ११ च्या चंद्रावरच्या चित्रणाच्या मूळ टेप बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. चंद्राची कॅसेट आणि मुंजीची कॅसेट यांत तत्त्वतः फरक नाही. पण मला सर्वांत आवडणारं उदाहरण ‘डूम्सडे’ प्रकल्पाचं आहे. इंग्लंडात १०८६ साली झालेल्या जमीनमोजणीच्या ग्रंथाला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने दहा लाखांहून अधिक लोकांकडून, त्यांत शाळकरी मुलं पुष्कळ, आपापल्या गावाची माहिती आणि फोटो जमवून त्या काळच्या मोठ्या लेसर डिस्कवर साठवले. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि त्यातली माहिती सोडवायला विद्यापीठांतल्या संशोधकांना कंबर कसावी लागली. नऊशे वर्षांपूर्वीचा चामड्यावरचा ग्रंथ मात्र लंडनमध्ये उघडून वाचता येतो. पुढे २०११ साली बीबीसीने त्या डिस्कवरचा मुलांनी आणि गावकऱ्यांनी लिहिलेला भाग सर्वांसाठी इंटरनेटवर ठेवला, तेव्हा लोकांनी आपल्या गावातली दुकानं, शाळा आणि रोजचे उद्योग शोधून वाचले. शाळकरी पोरांना काय महत्त्वाचं ते कळत नाही, ही त्या प्रकल्पाची जमेची बाजू ठरली.

इथे मराठीचा अभिमानी वाचक हात वर करील. नाथांचं काय? ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद आणि भेसळ शिरली होती, ती शके १५०६ मध्ये एकनाथांनी निवडून दूर केली म्हणून आपल्याला शुद्ध ग्रंथ मिळाला. मग सुधारणा वाईट कशी? आक्षेप वजनदार आहे. पण ज्ञानेश्वरीची भेसळ केली कुणी? प्रत उतरवता उतरवता ‘इथे हे जास्त बरं दिसेल’ असं ज्यांना वाटलं त्या लेखनिकांनी, म्हणजे त्या काळच्या सुधारकांनीच. आणि नाथांना ती निस्तरता आली, कारण ताडून पाहायला त्यांच्यापुढे जुन्या प्रती होत्या. आपल्या मुंजीची प्रत जगात एकच आहे. तिच्यातून काही काढलं की ताडून पाहायला दुसरी प्रत नाही आणि नाथही नाहीत.

सुधारणेचा सगळ्यात नवा अवतार कापत नाही, भर घालतो. जुनं चित्र नव्या रुंद टीव्हीला पुरत नाही म्हणून ते दोन्ही बाजूंनी ताणायचं, हा त्याचा सौम्य प्रकार; त्यात कुटुंबातल्या सर्वांचं वजन एका क्लिकसरशी तिसऱ्या हिश्श्याने वाढतं आणि वराची सडपातळ बाइक एकदम बुलेट होते. डीव्हीडीतलं चित्र सेकंदाला पन्नास अर्ध्या-अर्ध्या ओळींच्या चित्रांनी बनलेलं असतं. कॉम्प्युटरवर हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात म्हणून त्यांतली अर्धी चित्रं टाकून देणारे प्रोग्रॅम आहेत, आणि त्यांतून गेलं की वरातीतला नाच धक्के खात चालतो. नंतर मूळ सीडी फेकून दिली की ती अर्धी चित्रं कायमची गेली. उग्र प्रकार म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून व्हीसीडी ‘फोर-के’ करून घेणं. गणित साधं आहे. व्हीसीडीच्या चित्रात १ लाख १ हजार ३७६ ठिपके. फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख. म्हणजे ८२ ठिपक्यांमागे एक आपला आणि बाकीचे ८१ अंदाजाचे. हा अंदाज करणाऱ्या यंत्राने जगातले हजारो चेहरे पाहिलेले असतात, आपल्या आजीचा सोडून. त्यामुळे आजीला एकाएकी बत्तीस दात येतात, आजोबांचं कपाळ इस्त्री केल्यागत गुळगुळीत होतं आणि मागच्या रांगेतल्या अनोळखी माणसाला कुठल्याशा परदेशी नटाचा चेहरा मिळतो. घरातले म्हणतात, किती स्पष्ट दिसतंय! स्पष्ट दिसतंय खरं, पण ते आपल्याकडचं लग्न नव्हे.

जागेचा आक्षेप मला फुसका वाटतो. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. एक टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा दोनशेहून अधिक डीव्हीडी अखंड राहतात आणि व्हीसीडी तर हजारावर. एवढी लग्नं, मुंजी आणि डोहाळजेवणं कुठल्याही घरात झालेली नाहीत. जो गृहस्थ कुटुंबाच्या ग्रुपवर रोज येणारे सुप्रभातचे व्हिडिओ पुसत नाही, त्याने मुंजीतल्या मातृभोजनापाशी येऊन काटकसर सुरू करावी हे पटत नाही. वेळेचा आक्षेपही तसाच: कापाकापीला वेळ लागतो, अख्खी सीडी उतरवताना माणसाला ती बदलण्यापलीकडे काम नसतं. कायद्याचा मुद्दा काढणारेही असतात, पण विकत घेतलेल्या सिनेमांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या डीव्हीडीला कुलूप असतं आणि हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणं आपल्या कायद्यात २०१२ पासून गुन्हा आहे. लग्नाच्या सीडीला कुणी कुलूप घातल्याचं ऐकिवात नाही. ती आग्रहाने दाखवली तरी लोक बघत नाहीत, चोरणार कोण?

खरा आक्षेप एकच आहे आणि तो नाजूक आहे. वीस वर्षांपूर्वीच्या चित्रणात असलेली सगळीच माणसं आज तिथे हवी असतात असं नाही. काहींचे संसार मोडलेले असतात, काहींचे जमिनीवरून कोर्टात दावे चालू असतात, आणि ज्यांनी वधूला खांद्यावर उचलून आणलं त्या मामांचं नाव आता घरात काढत नाहीत. ‘त्यांचा तेवढा भाग काढून टाक’ ही मागणी अशा वेळी येते आणि ती हसण्यावारी नेता येत नाही. दुखणं खरं असतं. पण जपणं वेगळं आणि वाटणं वेगळं. अख्खी प्रत कपाटातल्या हार्ड डिस्कवर राहू द्यावी, तिची आणखी एक प्रत दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे ठेवावी, आणि ग्रुपवर पाठवायला त्या प्रतीची प्रत काढून तिच्यातून हव्या तेवढ्या मामांना वगळावं. दावे मिटतात, कधी कधी माणसंच मिटतात, आणि मग त्याच घरातून ‘मामांचं कुठे काही शूटिंग आहे का रे’ अशी चौकशी होते. सुधारकाची कात्रीची हौस या ग्रुपवरच्या प्रतीवर मनसोक्त भागू शकते. त्यावर त्याने गाणं घालावं, गुलाब घालावा, स्वित्झर्लंड तर अवश्य घालावं.

तरीही त्याचा उत्साह उरलाच तर त्याला एक जिकिरीचं काम सोपवावं. स्टेजवरच्या त्या रांगेतली माणसं ओळखणारी पिढी अजून आहे, फार दिवस असेल असं नाही. सुधारकाने वहीपेन घेऊन दोन्हीकडच्या आज्यांना टीव्हीसमोर बसवावं आणि कितव्या मिनिटाला कोण आलं ते ओळीने लिहावं. यात निवड करायला जागा नाही, कौशल्य दाखवायला जागा नाही, आणि दर दहा मिनिटांनी चहा करावा लागतो. पहिली चाळीस-पन्नास नावं भराभर होतात. मग पडद्यावर फिकट निळ्या सफारीतले एक गृहस्थ येतात. ते पाकीट देत नाहीत, वराशी आपुलकीने हस्तांदोलन करतात, कॅमेऱ्याकडे पाहून हसतात. नंतर पंगतीच्या चित्रणात ते दोनदा दिसतात, दोन वेगळ्या पंगतींत, आणि आइस्क्रीमच्या टेबलापाशी तर फारच आत्मीयतेने वावरतात. मुलीकडची आजी खात्रीने सांगते की हे मुलाच्या वडिलांच्या ऑफिसातले. मुलाकडची आजी म्हणते, छे, आमच्याकडचं असं कुणी नव्हतं, हे तुमच्या नागपूरकडचे. चित्रण मागे घेऊन पुन्हा लावलं जातं. मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटाच्या अगदी जवळ, वधूच्या मामांच्या शेजारी, हेच गृहस्थ डोळे मिटून उभे असतात. वहीत त्या मिनिटापुढे सुधारक प्रश्नचिन्ह काढतो, आणि दोन्ही आज्या एकमुखाने त्याला ते खोडून तिथे ‘यांच्याकडचे’ असं लिहायला सांगतात.